बुटीक हॉटेलात बालदी

ब्राझीलमधल्या साल्वादोरच्या बुटीक हॉटेलांत सगळं असतं. निळ्या-पिवळ्या रंगाचा जुना वाडा, छताला जाडजूड तुळया, हातमागाची चादर, अंगणात म्हैस बसली तर भरेल एवढा स्विमिंग पूल. नसते ती बालदी.

हे शहर १५४९ ते १७६३ ब्राझीलची राजधानी होतं. त्या वैभवातले वाडे पेलोरिन्यो आणि सांतो आंतोनियो भागांत उभे आहेत आणि आताची देखणी हॉटेलं त्यांतच थाटलेली आहेत. जुना वाडा म्हणजे लिफ्ट बहुधा नाहीच. खालचं आणि वरचं शहर जोडणारी ७२ मीटर उंचीची सार्वजनिक लिफ्ट १८७३ पासून आहे, पण ती तुम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सोडत नाही. रस्ते ओबडधोबड दगडांचे. चाकांची बॅग अशा चढावर ओढत नेणाऱ्याला चाकं कुठे निखळली ते परतताना कळतं. पाठीवरची सॅक न्या.

आता आंघोळ. लहान हॉटेलांत गरम पाणी शॉवरच्या तोंडातच तयार होतं. आत विजेची कॉइल असते. वर एक खटका, त्यावर दोन शब्द: ‘वेरांव’ म्हणजे उन्हाळा, ‘इन्वेर्नु’ म्हणजे हिवाळा. कडक पाणी हवं तर हिवाळा. खटका फिरवायचा तो नळ बंद असताना. मराठी माणूस पाणी कोमट आलं की नळ पूर्ण सोडतो आणि तिथेच फसतो. कॉइल तेवढीच, पाणी दुप्पट, मग ते निम्मंच तापणार. साडेचार हजार वॅटची कॉइल मिनिटाला तीन लिटर पाणी साधारण एकवीस अंशांनी तापवते, सहा लिटर सोडलंत तर दहाच. म्हणून धार बारीक करा. फार बारीक केलीत तर पाण्याचा दाब कमी पडून कॉइल चालूच होत नाही आणि थंडगार अभिषेक होतो. या दोन टोकांमधला तो एक सूतभर कोन सापडेपर्यंत साबण डोळ्यांत गेलेला असतो.

चहाचंही तेच. आपली दोन गोल पायांची पिन तिथल्या सॉकेटात बसते, त्यामुळे घरून आणलेली किटली लावायचा मोह होतो. पण तिथे वीज १२७ व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या हजार वॅटच्या किटलीला तिथे तीनशे वॅट जेमतेम मिळतात. तीन मिनिटांचं आधण दहा मिनिटं घेतं. तोवर खाली नाश्त्याला जाऊन या. टॅपिओकाचं धिरडं जरूर खा, आपल्या साबुदाण्याचा सख्खा भाऊ आहे. दोघंही ज्या कंदापासून होतात, त्या कसावाचं मूळ घर तिकडचंच. एकादशी असेल तर आत हॅम नाही ना, एवढं बघा.

मंगळवारी संध्याकाळी पेलोरिन्योत ढोल वाजतात आणि जुन्या लाकडी खिडक्या त्यांना अजिबात अडवत नाहीत. रस्त्याकडची खोली फोटोत छान दिसते. झोपायचं असेल तर अंगणाकडची मागा.

मागण्यासाठी भाषा लागते म्हणून घाबरू नका. पोर्तुगीजांनी गोव्याकडून आपल्याला बरेच शब्द देऊन ठेवलेत. पावाला तिथे ‘पांव’, चावीला ‘शावी’, काजूला ‘कजू’. बटाटा थेट ‘बताता’. काउंटरवर ‘पगार’ ऐकून मात्र हुरळू नका, तिथे तो द्यायचा असतो. आणि बालदी हा शब्दही त्यांचाच, फक्त ते ‘बाल्दे’ लिहितात आणि ‘बाउजी’ म्हणतात. तेव्हा काउंटरवर जाऊन चारचौघांत, खणखणीत आवाजात ‘बाउजी!’ अशी हाक मारायची. बायको बरोबर असेल तर तिला आधी कल्पना द्या, नाहीतर ‘भाऊजी’ ऐकून ती तुमचा भाऊ शोधत मागे वळेल.

दहा मिनिटांत दारावर टकटक होईल. ट्रेमध्ये चकचकीत स्टीलची बालदी, वर चिमटा, शेजारी दोन ग्लास. हॉटेलात बालदी मागणाऱ्याला बर्फच हवा असतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. हसून घ्या. बर्फ बेसिनमध्ये ओता, बालदी शॉवरखाली ठेवा, धार बारीक करा. तीन लिटर मावतात. तांब्या म्हणून ग्लास आहेतच.