ब्राझीलचं उदाहरण अर्धंच सांगितलंय
वाढीचा वेग टिकला की विषमता आपोआप कमी होते आणि ब्राझील हा त्याचा पुरावा, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. तिथे २००३ नंतर दरी कमी झाली ती ठरवून. बोल्सा फामिलिया या गरीब कुटुंबांना थेट मदत देणाऱ्या सरकारी योजनेचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हाती गेले, मुलं शाळेत जातील आणि लसीकरण होईल या अटीवर. त्या काळात खर्च होता जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय किमान वेतन महागाईपेक्षा वेगाने वाढवलं; दरी कमी होण्यात मजुरीच्या कमाईचा वाटा तर या मदतीपेक्षाही मोठा (याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं). लाडक्या बहिणीला दरमहा १५०० रुपये मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण शेतात राबणाऱ्या बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी का, याचं उत्तर त्यात नाही.