कागद कन्नडात, मत मराठीत

आज दुपारी पोरीच्या दप्तरातून डब्याबरोबर एक कागद निघाला. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आमचं गाव बेळगावकडचं, कर्नाटकातलं, शाळा मात्र मराठी माध्यमाची. इंग्रजी बाजू मी कशीबशी लावली. पुढच्या काही वर्षांत आपली शाळा कशी असावी, तिची 'दूरदृष्टी' काय असावी, यावर पालकांनी मत द्यायचं आहे म्हणे. सोमवारपर्यंत.

गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले.

ज्यांना विचारताय त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत कोण विचारतं हो? आमच्या गल्लीतल्या निम्म्या आया आत्ता रताळ्याच्या वेलात वाकलेल्या आहेत. त्यांना दूरदृष्टी विचारा जरूर, पण त्यांना कळेल असं विचारा.

मला आप्पांचा अर्ज आठवला. मी चौथीत होते. वर्गाची कौलं फुटलेली, पावसाळ्यात आम्ही पाटी डोक्यावर धरून बसायचो. आमचे आप्पा सातवी पास. अक्षर इतकं सुरेख की भजनी मंडळाची वही त्यांच्याकडेच असायची. त्यांनी रात्री कंदिलाजवळ बसून अर्ज लिहिला, सकाळी सायकल मारत बेळगावला गेले. कचेरीतल्या माणसानं तो अर्ज उघडलासुद्धा नाही. 'कन्नडदाग बरकोंड बर्री' म्हणाला, म्हणजे कन्नडात लिहून आणा. आप्पा कोर्टाबाहेरच्या लिहिणाऱ्याकडे गेले, पाच रुपये मोजले आणि आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या अक्षरात घेऊन परत आले. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं. तरी खाली सही केली.

आता कोणी म्हणेल, जुनं उगाळू नका. बरं. मग नवं सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि शाळेचा विकास आराखडा त्या समितीनं करायचा. म्हणजे हे मत विचारणं मेहरबानी नाही. राज्यघटनेतलं 350 अ कलम तर राज्यांची पुनर्रचना झाली त्याच 1956 सालचं, भाषेनं अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून घातलेलं. आणि जिथं एका भाषेचे लोक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं सूचना त्या भाषेत द्यायच्या, हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. शेंबड्या पोराला पाठ असलेलं कचेरीत कुणाला आठवत नाही एवढंच.

हो, कन्नड यायलाच हवं. शाळांत कन्नड सक्तीचं करणारा 2015 चा कायदा आला नसता तरी यायला हवं होतं. पोरांना इथंच नोकरी करायची आहे, इथंच सातबारा काढायचाय (त्याला इथं उतारा म्हणा की आरटीसी म्हणा, रांग तीच). त्याबद्दल माझं भांडण नाही.

आणि खरं बोलायचं तर मी कुठल्या तोंडानं भांडतेय? माझा थोरला कॉन्व्हेंटला आहे. दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत, तेव्हा आधीपासून सवय असू दे, असं मीच घरात सगळ्यांना पटवलं. आम्हाला कर्नाटकात घातलं म्हणून एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळायचा आणि दोन तारखेला पोराला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायचं. हे लिहिताना मला लाज वाटतेय. वाटू दे. पुढाऱ्यांना तर तेवढीही वाटत नाही.

तर कागद घेऊन तशीच शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, 'बाई, वरून आलंय तसं वाटलं, मी काय करू सांगा की.' त्यांचंही खरं. दोन अतिथी शिक्षकांवर शाळा ओढतोय माणूस. मी आवाज चढवलाच. तेवढ्यात कन्नड शिकवणाऱ्या नव्या टीचर बाहेर आल्या. विजापूरकडची पोरगी, लग्न व्हायचंय अजून. म्हणाली, 'अक्का, मी वाचून दाखवते, तुम्ही मराठीत सांगा, मी लिहिते.' गेटजवळ पोरांना न्यायला आलेल्या पाचसहा जणी होत्या, त्या व्हरांड्यात बसल्या. टीचरनं 'दूरदृष्टी' असं वाचलं तेव्हा मला हसू आलं. शब्द दोन्ही भाषांत तोच निघाला, भांडायला जागाच नाही.

मग एकेक सुरू झाली. गणिताला कायमचा मास्तर द्या. संडासाला पाणी द्या, पोरी दिवसभर तशाच बसतात. सातवीनंतर मराठी हायस्कूल लांब, बस शक्ती योजनेत बायका-पोरींना फुकट झाली पण ती थांबते कुठं, भरलेली दिसली की ड्रायव्हर पुढं मारतो. एक म्हातारी नातवाला न्यायला आलेली, ती म्हणाली, 'पोराला मारू नगासा, मारल्यावर त्यो शाळंला येत न्हाई.' टीचर लिहीत होती. मध्येच थांबून 'नगासा' म्हणजे काय विचारलं. सगळ्याजणी हसल्या, तीही हसली.

माझा राग तिथंच निम्मा उतरला. निम्मा अजून आहे. ती पोरगी चांगली आहे म्हणून कागद बरोबर ठरत नाही. उद्या तिची बदली झाली की पुन्हा कोण लिहून देणार? आप्पांच्या वेळी निदान पाच रुपयांत माणूस मिळत होता.

(कौलं बदलली. मी सातवी पास होऊन शाळा सोडली त्याच्या पुढच्या वर्षी. आप्पा मिरग निघाला की अजूनही सांगतात.)

त्या बायकांचं सगळं मी घरी येऊन मराठीत उतरवून काढलंय, टीचरच्या कन्नड कागदाला टाचणी लावून दोन्ही देणार आहे. मराठी बाजूखाली आप्पांची सही घेतली. त्यांनी आधी सगळं वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली, मग सही केली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पालकांची बैठक आहे. गावातल्यांनी या. कॉन्व्हेंटवाल्यांनीही या, मी आहेच.