‘कॅलेंडर जोडा, बाकीचं एजंट बघेल’? इतकं सोपं नाही

सध्या फिरणारा दावा असा: मित्रमंडळींच्या ग्रुपमधल्या सगळ्यांची कॅलेंडरं एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामं उरकणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, जोडा. सगळ्यांना जमणारी वेळ तो शोधेल, जागा बुक करेल, कुणाला विचारत बसायला नको.

‘कॅलेंडरमध्ये मोकळा वेळ दिसतो.’ दिसतात त्या ऑफिसच्या मीटिंगा. मुलीचा क्लास, सासूबाईंचा चेकअप तिथे कोण लिहितंय? शिवाय अनेक कंपन्या ऑफिसचं कॅलेंडर बाहेरच्या अ‍ॅपला जोडू देत नाहीत. मग एजंटला ते कोरं दिसतं आणि तो माणूस मोकळा धरला जातो. म्हणून आधीच बजावा: माहिती नसेल तर विचार, गृहीत धरू नकोस. आणि परवानगी फक्त ‘मोकळा की बिझी’ एवढीच द्या.

‘सगळ्यांना जमणारी वेळ शोधतो.’ खरी गोम इथे आहे. आठ जण आहेत आणि एखाद्या वेळी प्रत्येक जण मोकळा असण्याची शक्यता ६० टक्के आहे असं धरा. आठही जण एकदम मोकळे असण्याची शक्यता निघते १.७ टक्के! ‘किमान सहा चालतील’ म्हटलंत की तीच जवळजवळ ३२ टक्क्यांवर जाते. बॉक्स क्रिकेटला सहा पुरतात, ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी नाश्त्याला चारही पुरे. किमान किती हवेत आणि कोणाशिवाय जायचंच नाही, हे एजंटला आपणच सांगायचं असतं. तो रुसवेफुगवे ओळखत नाही.

‘प्रवासाचा वेळही धरतो.’ धरतो, पण नेहमीचा. मंगळवारी ठरवलेल्या रविवारच्या प्लॅनला ट्रान्स हार्बरवरचा (ठाणे ते वाशी-नेरूळ लोकल मार्गावरचा) मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, कुठून कळणार? ब्लॉकचं पत्रक एक-दोन दिवस आधी येतं. वाशी-नेरूळची मंडळी ठाण्याला यायची असतील तर शनिवारी संध्याकाळी पुन्हा तपासायला लावा.

टाइमझोनही बघा. रविवारी पहाटे पाचला स्टेशनवर भेटायचं असेल, तर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ते शनिवारचे रात्रीचे साडेअकरा होतात. ‘आशिया/कोलकाता’ हा भारताचा टाइमझोन सेट नसेल तर निमंत्रण शनिवारचं जाऊ शकतं.

‘बुकिंगही करतो.’ करू देत, पण पैसे जमल्यावर. एजंटने तीन-चार पर्यायी वेळा सुचवाव्यात, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप पोल एखाद्याने टाकावा, ‘एकाहून जास्त उत्तरं’ चालू ठेवून. गुरुवारी रात्री नऊला मतं बंद, शुक्रवारी दुपारपर्यंत वर्गणी, मग टर्फचं, म्हणजे खेळायच्या मैदानाचं, बुकिंग. उत्तर न देणाऱ्यांना दोनदा आठवण करायचं काम मात्र बिनधास्त एजंटकडे द्या. तिथे त्याला तोड नाही, शिव्याही त्यालाच बसतात.