साथीला बसणारा मुलगा

फेब्रुवारी आला की दहावीच्या निरोप समारंभांचे फोटो येऊ लागतात आणि प्रत्येक शाळेत कोणा ना कोणाचा 'अष्टपैलू विद्यार्थी' म्हणून गौरव झालेला दिसतो. आमच्याही वर्गात असा एक जण होता. १९९८ साली आम्ही मिरजेतल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडलो, तेव्हा व्यासपीठावरून त्याच्याविषयी जे बोलले गेले ते अक्षरशः खरे होते. गणितात तो पहिला असे, खो-खोच्या संघात होता, चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा उत्तीर्ण झाला होता आणि शिवाय गाणारा होता. मात्र ज्या गुणासाठी तो मला आजही मोठा वाटतो, त्याचा त्या भाषणांत उल्लेखच नव्हता.

मिरजेत एखाद्या मुलाला गाणे येणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे येथे वास्तव्य होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात होणारे गाणे ऐकायला शाळकरी मुलेही आईवडिलांबरोबर जाऊन बसत. वाद्ये बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले दिसायचे आणि आत कोणी तरी तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारांना झंकार यावा म्हणून घोडी घासत, बसलेले असायचे. अशा गावात मुलांचे कान लवकर तयार होतात, आणि दुसऱ्याच्या गाण्याला नाके मुरडण्याची सवयही तितक्याच लवकर लागते. (हा आमचा गावगुण आहे, आणि मीही त्याला अपवाद नाही.)

आठवीपर्यंत हा मुलगा उत्तम गायचा. नववीत त्याचा आवाज फुटला. ज्या तार षड्जासाठी, म्हणजे वरच्या 'सा'साठी, त्याला टाळ्या मिळत, तेथे आवाज चिरकू लागला. या वयात अनेक मुलांचे गाणे कायमचे सुटते, कारण कालपर्यंत ज्याला पुढे बसवले जात होते त्याला आज कोणी बोलावत नाही, आणि हे पंधराव्या वर्षी पचवणे सोपे नसते. त्याने मात्र कुरकुर न करता शाळेची पेटी पुढ्यात ओढली आणि इतरांच्या साथीला बसायला सुरुवात केली. त्या पेटीच्या भात्याला चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की परत वर येत नसे. वाजवता वाजवता ती तो करंगळीने अशा सफाईने उचलायचा की समोर बसलेल्याला कळूही नये.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातला एक प्रसंग सांगतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने घाबरून, पेटीचा सूर न घेताच, भावगीत सुरू केले ते थेट काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला 'सा' धरून. तिची नेहमीची पट्टी त्याखालची, काळी चार. धृपद कसेबसे निभावले, पण अंतरा वर जाणार होता आणि तेथे तिची फजिती होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. मागच्या रांगांत खसखस पिकायला लागली होती. त्याने धृपदानंतर, जणू तसे आधीच ठरले होते, पेटीवर एक छोटा तुकडा वाजवला, त्या तुकड्यातच काळी चारवर उतरला, तो षड्ज दोन-तीनदा तिच्या कानावर घातला आणि तिच्याकडे बघून मान हलवली. तिने अंतरा खालच्या पट्टीत उचलला. अर्ध्या सभागृहाला काय झाले ते समजलेच नाही. टाळ्या तिला मिळाल्या, आणि पुढचे गाणे सुरू होईपर्यंत तो भात्यावरची निघालेली चिकटपट्टी दाबून बसवत होता.

विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा धडा चालू असताना त्याने गल्लीतून एक तंबोरा मागून आणला होता. सरांच्या परवानगीने त्याने फक्त खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार छेडली आणि आम्हाला शांतपणे ऐकायला सांगितले. ती तार 'सा'वर मिळवलेली, तरी काही क्षणांनी तिच्यातून गंधार, म्हणजे 'ग', स्पष्ट ऐकू येऊ लागला. मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपने त्याच तारेत होत असतात आणि तोच हा गंधार, हे सरांनी नंतर फळ्यावर मांडले. आमच्यापैकी ज्यांना तो ऐकू येत नव्हता, त्यांना त्याने एकेक करून भोपळ्याजवळ कान लावायला बोलावले आणि शेवटच्या मुलाला गंधार सापडेपर्यंत तार छेडत राहिला. मधली सुट्टी त्यातच संपली.

गणितातही त्याची रीत हीच होती. आमच्यापैकी कोणी बीजगणितात अडकला, तर तो स्वतःचे उत्तर दाखवत नसे. त्या मुलाची वही घेऊन तो कोणत्या पायरीवर अडला आहे ते शोधायचा आणि तेथून पुढे न्यायचा. म्हणून त्याचा खो-खो, त्याचे गणित आणि त्याची पेटी हे वेगवेगळे पैलू आहेत असे मला कधी वाटले नाही. समोरच्याचा सूर ओळखून आपण त्याच्या पट्टीत जायचे, एवढी एकच गोष्ट त्याला पक्की येत होती आणि ती त्याने सगळीकडे वापरली.

आता शास्त्रीय गायन, वादन आणि नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. त्याला माझा विरोध नाही. त्या निमित्ताने का होईना, काही घरांतून तंबोरा पुन्हा ऐकू येत असेल तर चांगलेच आहे. पण साथ करणाऱ्याने जे केले त्याला गुण देण्याची सोय कोणत्याच मंडळाकडे नाही, आणि ती करताही येणार नाही. शाळेला मात्र एक गोष्ट सहज करता येईल. कोणत्याही मैफलीत गाणारा आधी तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण ते सांगतो आणि मगच पुढे जातो. आमच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत प्रत्येक गायकाचे नाव तुकडीसह छापलेले होते, अध्यक्षांच्या तर पदव्याही होत्या, पण जवळजवळ प्रत्येक गाण्याला पेटी वाजवणाऱ्या मुलाचे नाव कोठेही नव्हते. ज्यांच्या शाळेचे संमेलन किंवा निरोप समारंभ अजून व्हायचा आहे, त्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पत्रिका छापायला देण्यापूर्वी 'साथसंगत' अशी एक ओळ तिच्यात घालावी आणि तिच्यापुढे नावे लिहावीत.