तेराव्यानंतर कोण येतं?

१९ मार्चला मी दिवसभर जेवत नाही. १९८६ साली याच तारखेला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने बायको-लेकरांसह जीवन संपवलं होतं. त्यांची आठवण म्हणून २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेला ओ देऊन बरेच जण अन्नत्याग करतात, त्यात मीही असते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली 'ताईंना कापसाच्या भावाचं काही पडलेलं दिसत नाही' अशा कमेंट यायला नकोत. भाव पाहिजेच. त्यावर माझा वादच नाही.

पण २०१५ ला सरकारने १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' आणला, तेव्हा 'कर्ज सोडायचं नाही अन् वरून आम्हालाच येडं ठरवायचं' म्हणून आपण सगळे हसलो होतो. मीही हसले होते. माझ्या स्वतःच्या घरात काकू असताना हसले, याची आता लाज वाटते.

काकांनी जीव दिला तेव्हा काकू छत्तीस वर्षांची होती. दारात पहिली सरकारी माणसं आली ती चौकशीला. कर्ज कोणत्या बँकेचं, सातबारा कोणाच्या नावावर, दारू पीत होते का? काकू दाराआड बसली होती. दारूचं विचारलं तेव्हा तिने पदराचं टोक दातात धरलं, ते मला अजून दिसतं. सातबारा निघाला आजोबांच्या नावाचा. प्रकरण अपात्र. एक लाखाची मदत २००६ साली ठरलेली, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. आमच्याकडे त्यातला रुपयाही आला नाही. पैसा गेला तो गेला, पण तो 'अपात्र' शब्द काकूला चिकटून बसला. "सरकार म्हणते, त्याइचं मरनंही खोटं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पुढचे कितीतरी महिने ती रात्री दोनला उठायची आणि सुपात तुरीची डाळ घेऊन पाखडत बसायची. सकाळी तीच डाळ डब्यात, रात्री पुन्हा सुपात. दवाखान्यात नेली की म्हणायची, "जीव घाबरते, हातापायाले मुंग्या येतेत, काही गोड लागत नाही." ताकदीच्या गोळ्या मिळाल्या, ॲसिडिटीच्या मिळाल्या, दोनदा सलाईन लागलं. झोपेचं कुणी विचारलं नाही. बाहेर रांग एवढी होती की डॉक्टरांवर राग काढण्यातही अर्थ नाही. आपल्याकडच्या बाईचं नैराश्य दवाखान्यात आपलं नाव सांगत नाही. ते कंबर, चक्कर, डोकं, मुंग्या असं काहीतरी होऊन येतं.

मध्ये तालुक्याला एक शिबिर झालं. पाहुण्यांनी सकारात्मक विचारांवर पाऊण तास भाषण दिलं, मग साड्यावाटप, मग फोटो. जास्त लिहीत नाही.

काकूला उठवलं ते गावातल्या आशा सेविकेने, आमच्या आशाताईने. शेजारच्या लेकराच्या लसीची आठवण द्यायला यायची आणि जाताना आमच्या ओट्यावर टेकायची. "झोपली काय रातच्यानं?" एवढंच विचारायची. मग म्हणायची, "उद्या माह्यासंग निंदाले चाल." तीनदा काकू गेली नाही. चौथ्यांदा गेली.

पुष्कळ वर्षांनी वाचलं, गोव्यात 'संगात' संस्थेने आरोग्य केंद्रांमध्ये जवळपास हेच पद्धतशीर करून पाहिलं. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवलं, नैराश्याच्या रुग्णाबरोबर अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठका ठेवल्या आणि त्याची सुटलेली छोटी-छोटी कामं पुन्हा हातात दिली. माणसं सुधारली. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतही 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. आधी तिथे नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी फिरायला लागल्यावर दीड वर्षात हा आकडा २७.२ वर गेला. (अजूनही शंभरातले सत्तरच्या वर बाहेरच राहिले, हेही लक्षात असू द्या.)

मग आपण काय करतो? आशाताईच्या हातात आणखी एक सर्वेक्षणाचा फॉर्म देतो. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागते का, भूक लागते का. प्रश्न बरोबर आहेत. पण उत्तर 'हो' आलं तर पुन्हा त्या घरी जायला तिच्याकडे वेळ कुठून येणार, आणि त्या फेरीचे पैसे कोण देणार? याच बायांना २०२४ च्या सुरुवातीला मानधनासाठी आझाद मैदानावर बसावं लागलं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर शाळेच्या भिंतीवर जरूर लिहा, तिथे मराठीत बोलतात. पण काकूच्या घरातला एकुलता फोन पोराच्या खिशात असतो आणि पोरगा दिवसभर बाहेर.

आणि ज्यांच्याकडे सातबाराच नाही त्यांचं काय? २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदीत शेतीतल्या ११,२९० आत्महत्या आहेत. त्यात शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजूर जास्त! त्यांच्या बायकांच्या दारात चौकशीलाही कुणी येत नाही, अपात्र ठरण्याइतकीही त्यांची पात्रता नाही. त्यांच्यापर्यंत जाणारी असलीच तर पुन्हा तीच आशाताई.

सगळं सरकारवर ढकलून मोकळं होता येत नाही, हेही लिहिते. काकूला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं ते आम्हीच, घरच्यांनी आणि आळीने. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरच्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच्या बातम्या आपण कौतुकाने फिरवल्या. आमच्या आळीत मात्र त्यानंतरच्या संक्रांतीलाही काकूच्या हातात वाण पडलं नाही. मी नोकरीसाठी शहरात, मला बोलायला काय जातं.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावात एक मजूर गेला. मी काकूला फोन लावला, तर तिला आधीच कळलेलं होतं. भेटून आलीस का, विचारलं.

"अजून नाही. आता घर भरलेलं असन, पावन्याइले च्या करता करताच थकली असन थे. तेरावं होऊ दे, मंग जातो."

मग तिने विचारलं, त्या बाईला निंदण जमतं का, मला माहीत आहे का.