केंटकीचा पेपर आणि वणीचा कोळसा

वणी तालुक्यातल्या आमच्या पानठेल्यावर अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराच्या ‘कुरिअर-जर्नल’चा विषय निघाला तो कोळशामुळे. केंटकी राज्यातील खुल्या खाणींना लगाम घालणारी मोहीम चालवून या दैनिकाने १९६७ साली पुलित्झर हे पत्रकारितेतले मानाचे पारितोषिक मिळवले, असे मास्तरांनी सांगताच, कापसावर बसणारी खाणीची धूळ रोज पाहणारे आम्ही सगळे कान देऊन बसलो.

बिंगहॅम घराण्याने १९१८ पासून सांभाळलेला हा पेपर १९८६ मध्ये अनेक वृत्तपत्रे चालवणाऱ्या गॅनेट कंपनीकडे गेला, याचे खापर कंत्राटदार भाऊंनी घराण्यावरच फोडले. “भावंडांचे पटले नाही की धुऱ्याच्या भांडणात शेतही विकले जाते. कंपनीने सुमारे तीस कोटी डॉलर मोजले, तिचा काय गुन्हा?” व्यवहार मोठा असला की भाऊंना त्यात खोट दिसत नाही, आणि पेपरात ते निविदांखेरीज काही वाचत नाहीत.

“विकणाऱ्यांचा दोष मला मान्य आहे,” मास्तर म्हणाले, “पण घेणाऱ्यांनी काय केले तेही पाहा. सायंकाळचा ‘लुईव्हिल टाइम्स’ १९८७ मध्ये बंद झाला, कोळसापट्ट्यातली बातमीदारांची कार्यालये पुढे मिटली. वाचकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र माणूस नेमणारे अमेरिकेतले ते पहिले दैनिक होते. आता तक्रार ऐकली जाते ती भागधारकांची.”

कंपनीच्या काळातही या पेपरला २०२० मध्ये पुलित्झर मिळाले, असा दाखला भाऊंनी दिला. “ते बातमीदारांनी मिळवले, हिशेबनिसांनी नव्हे,” एवढेच मास्तर बोलले आणि भाऊ खर्रा घोटत राहिले.

घराण्याचा मालक देवमाणूस असतो असे मी म्हणणार नाही. आपल्याकडचे मालकही जाहिरातदारापुढे वाकतात. पण गावात राहणाऱ्या मालकाला बाजारात गाठून जाब विचारता येतो, आणि कमी नफ्यावर पेपर चालवायचा की नाही हे तो स्वतः ठरवू शकतो, हा फरक मला फार मोठा वाटतो.

आमच्या वार्ताहर मित्राची जुनी जखम इथे उघडी पडली. भाऊंच्या उखडलेल्या रस्त्याची त्याने पाठवलेली बातमी छापलीच गेली नव्हती. उलट दिवाळी पुरवणीसाठी भाऊंचीच जाहिरात आणण्याचा निरोप त्याला आला होता.

“छापली असती तर काय झाले असते?” भाऊंनी विचारले.

“रस्ता पुन्हा झाला असता, म्हणजे तुम्हाला दुसरे बिल काढता आले असते.”

सगळ्यांत मोठ्याने भाऊच हसले.