पेंग्विन ‘सापडले’ म्हणजे वाढले नव्हे

‘दक्षिण ध्रुवावर पेंग्विनच्या नव्या वसाहती सापडल्या, २०१४मध्ये तिथं बर्फाचा विक्रम झाला, ध्रुवीय अस्वलंही मजेत आहेत, हवामानबदल ही थाप आहे.’ आमच्या घरच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड तिसऱ्यांदा आलाय.

आधी ‘सापडल्या’. एम्परर पेंग्विनची वसाहत उपग्रहाच्या चित्रात ओळखू येते ती बर्फावरच्या विष्ठेच्या तपकिरी डागांवरून. चित्रं स्पष्ट झाली, तसे छोटे डागही दिसू लागले. २०२०मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अशा ११ जागा नोंदवल्या. माहीत असलेल्या वसाहती ६१ झाल्या. पक्ष्यांच्या संख्येचा अंदाज मात्र ५ ते १० टक्क्यांनीच वाढला.

२०१४चा विक्रम खरा. समुद्री बर्फ २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. पण २०२३च्या हिवाळ्यात तो १ कोटी ७० लाखांपर्यंतही पोचला नाही, हे फॉरवर्डवाल्यानं गिळलं.

आणि एम्पररच्या दृष्टीनं बर्फ किती यापेक्षा तो फुटतो कधी, हा खरा प्रश्न. मे-जूनमध्ये मादी एकच अंडं घालून समुद्रावर जाते. नर ते पायांवर घेऊन, वर पोटाची घडी ओढून दोनेक महिने उपाशी उभा राहतो. पिल्लाच्या अंगावर राखाडी लव असते. दिसायला गोजिरवाणी, पण भिजली की ओल्या लोकरी स्वेटरसारखी. पाणी न शिरणारी पिसं यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो. तोवर किनाऱ्याला चिकटलेला बर्फ टिकायलाच हवा. २०२२मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउसेन समुद्रात तो आधीच फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. मोठे पक्षी मात्र जिवंत होते, आणि हा पक्षी वीसेक वर्षं जगतो. नुसती डोकी मोजणाऱ्याला काय बिघडलंय ते कळणारच नाही.

अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर जेंटू जातीचे पेंग्विन वाढतायत, कबूल. त्यांना बर्फाची फारशी गरज नसते. त्याच किनाऱ्यावर बर्फावर अवलंबून असलेले अ‍ॅडेली घटतायत.

अस्वलांचं थोडक्यात: १९७३च्या करारानं शिकारीला लगाम बसला, त्याचा काही ठिकाणी फायदा झाला. पण कॅनडाच्या पश्चिम हडसन उपसागरात २०१६ला अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ला ६१८.

फॉरवर्डखाली एका काकांनी लिहिलं, ‘अहो, भायखळ्याच्या उकाड्यात पेंग्विन राहतात की!’ काका, ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. आणि राणीच्या बागेत ते गार काचघरात असतात. उकाड्यात घाम पुसत रांगेत उभे असतो ते आपण.